अँबॅसेडरचं इंजिन असलेली एमजी

गाडी विकायची हे ठरून दोन महिने झाले होते, गिऱ्हाइकं फोन करत होती, आणि अण्णांना आकडा सांगता येत नव्हता.

गाडी १९५७ सालची एमजीए. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाच्या गावातल्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा १,०१,०८१ गाड्या बनल्या. त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या, मोजक्या इकडे आल्या. अण्णांची गाडी मुंबईतल्या एका कंपनीच्या गोऱ्या साहेबानं आणली होती. तो मायदेशी जाताना विकून गेला, मग ती दोघांच्या हातांतून फिरली आणि १९७४ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात अण्णांच्या शेडमध्ये आली. अण्णा पॅटर्नमेकर. फाउंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न करून देणं हा त्यांचा धंदा. गाडीचा शौक त्या धंद्याला परवडणारा नव्हता, पण केला.

विकण्याचं कारण गुडघे. एमजीए म्हणजे जमिनीला चिकटलेली, दोन माणसांची, उघडी गाडी. तिच्या दाराला बाहेरून मूठच नसते. हात आत घालून दोरी ओढायची, दार उघडायचं, पाय दुमडून स्टिअरिंगच्या मोठ्या चाकाखालून अंग आत सरकवायचं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अण्णांना आत बसता यायचं, पण बाहेर यायला दोघांनी हात द्यावा लागायचा. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि काकूंनी शेडची किल्ली आपल्याकडे घेतली होती.

आता आकड्याचा घोळ का झाला, ते सांगायला हवं. १९७९च्या मे महिन्यात आंबा घाट चढताना गाडीचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि ब्लॉकला आतून मूठ जाईल एवढं भोक पडलं. त्या काळात परदेशी गाडीचा नवा ब्लॉक मागवणं म्हणजे आयात परवान्यामागे वर्षं घालवणं. पोरगेलासा एक मिस्त्री तेव्हा नुकताच उद्यमनगरात लागला होता. तो गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "अण्णा, अँबॅसेडरचं इंजिन बसतंय बघा हितं."

ते बसणारच होतं. अँबॅसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन ज्या बी-सिरीजचं, त्याच सिरीजचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन ॲबिंग्डनवाल्यांनी एमजीएत घातलं होतं. फरक होता तो तब्येतीचा. एमजीएला दोन कार्ब्युरेटर आणि ७२ हॉर्सपॉवर. उत्तरपाड्याच्या अँबॅसेडरला एकच कार्ब्युरेटर आणि ताकद पन्नासच्या आसपास. मिस्त्रीनं फुटलेल्या इंजिनाचे दोन्ही एसयू कार्ब्युरेटर काढून नव्यावर चढवले, हेड प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवलं. १९८० साली गाडी आरटीओत नेऊन तपासून घेतली. आरसी बुकात नवा इंजिन नंबर चढला, शेजारी शिक्का आणि सही. जुना ब्लॉक अण्णांनी भंगारात दिला. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो क्युपोलात गेला आणि वितळला.

गाडीत बदल करणं एकदा सुरू झालं की थांबत नाही. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला. सीटमागच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी बारा व्होल्टची एक आली. १९९८ साली इसुझू इंजिनाच्या अँबॅसेडरचा पाच गिअरचा बॉक्स मिळाला, तो बसवण्यासाठी मिस्त्रीनं लेथवर ॲडॉप्टर प्लेट करून घेतली आणि चासीचा एक आडवा मेंबर कापून नवा वेल्ड केला. कारखान्यातून पांढरी आलेली गाडी लाल झाली. फ्लोअरला मूळचा प्लायवूड होता, तिथं अण्णांनी स्वतःच्या हातानं सागाच्या फळ्या बसवल्या, इतक्या नीट की दोन फळ्यांच्या सांध्यात नख जात नाही.

पुण्याहून पुतण्या आला. तो म्हणाला, "अण्णा, चाळीस लाख सांगा. जशीच्या तशी एमजीए पस्तीसला जाते म्हणतात. तुमची तर सुधारलेली आहे. कॅलिफोर्नियात सिंगर म्हणून कंपनी आहे, ती जुन्या पोर्शे ९११ घेऊन नव्यानं बांधते. मूळ गाडीच्या कितीतरी पट किंमत घेते. मॉडिफाइड म्हणजे कमी, हे जुनं झालं आता."

मिस्त्री कोपऱ्यात स्टुलावर चहा पीत होता. पोरगेला मिस्त्री आता पासष्टीचा झाला होता. तो म्हणाला, "दादा, त्या गाड्या गिऱ्हाइकाच्या मागणीनं बनत्यात न्हवं? पैसं भरणारा सांगतोय, कातडं असलं पायजे, रंग तसला पायजे. ही गाडी अण्णांच्या मागणीनं झालीया. पैसं भरणारा अजून यायचाय."

माझ्या मते या सगळ्या व्यवहारातलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच होतं, आणि ते त्या दिवशी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुतण्यानं दुसरी वाट काढली. २०२१ साली केंद्रानं जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले आहेत. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, वीस हजार फी भरायची. तो नंबर घेतला की भाव चढेल. पण नियम वाचले तेव्हा कळलं की गाडी मूळ रूपात हवी. इंजिन वेगळं, चासी कापलेली, म्हणजे अर्ज करण्यात अर्थ नव्हता. अण्णांचा चेहरा उतरला. मिस्त्रीनं मात्र त्याच कागदावर खालचं कलम बोट ठेवून वाचायला लावलं. व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच.

"आणि आपली?" मिस्त्रीनं विचारलं.

आपली साध्या नंबरवर होती. दर पाच वर्षांनी पासिंग करून, ग्रीन टॅक्स भरून, रोज मार्केट यार्डात न्यायची म्हटली तरी नेता येत होती. म्हणजे ती घेणारा माणूस कोण नाही, हे तरी त्या कागदानं ठरवून टाकलं. काचेच्या हॉलमध्ये उभी करणारा नाही. चालवणारा.

त्या रात्री अण्णांनी वही काढली. लांब, लाल बांधणीची, पानांवर ग्रीसचे अंगठे, गंजलेल्या टाचण्यांनी टोचलेल्या पावत्या. १९७४पासून गाडीवर गेलेला पैसा तारखेनं लिहिलेला. बेरीज चौदा लाख साठ हजार झाली. महागाई धरली तर किती, ते पुतण्यानं फोनवर काढायला घेतलं. अण्णांनी त्याला थांबवलं आणि मिस्त्रीला हाक मारली.

दोघं रात्री दीडपर्यंत बसले. एकेक ओळ वाचायची आणि एकच विचारायचं, हे कशासाठी केलं? रंग तीनदा दिलेला होता. पहिले दोन उडून गेले, त्यांचे पैसे कुणी द्यायचे? शेवटचाच धरला, तोही अर्धा, कारण लाल रंग अण्णांना हवा होता, मूळचा पांढरा आवडणारा त्याला उलट वजाच धरेल. क्लच पाच वेळा. मोडला म्हणून बदलला, चालली तेवढी अण्णांनी चालवली, हिशेब मिटला. वायरिंग नवं, उंदरांनी खाल्लं म्हणून. मिटला. डिस्क ब्रेकची ओळ आली तेव्हा मिस्त्रीनं टिकमार्क केला. १९५९मध्ये एमजीए १६०० आली तेव्हा कारखान्यानंच पुढं डिस्क दिल्या होत्या. गाडीला ज्याची उणीव होती ते दिलं, नवा मालक त्याचे पैसे देईल. पाच गिअरला टिकमार्क, कारण पुणे-बंगळूर हायवेवर आता चार गिअरवर इंजिन नुसतं ओरडतं. पण त्याच्याच खाली ओळ होती, 'आडवा मेंबर कापला, वेल्डिंग, रु. ४५०.' साडेचारशे रुपयांच्या त्या ओळीवर दोघं बराच वेळ थांबले. जे पाना लावून काढता येतं ते नव्या माणसाला नको असलं तर तो काढेल. अल्टरनेटर काढून डायनामो लावता येईल, आणि जुना डायनामो, जुने ड्रम, मूळचा गिअरबॉक्स हे सगळं मिस्त्रीनं गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलेलं होतं. त्या गोणपाटाची किंमत धरली. कापलेलं लोखंड मात्र परत फिरत नाही. तिथं वजाबाकी.

सागाच्या फळ्यांची ओळ आली. मिस्त्री टिकमार्क करायला गेला तर अण्णांनीच पेन धरलं. "ते माझ्या हौसेचं. हौस फिटली की रं तेव्हाच."

मला या दोघांचं हे काम फार मोलाचं वाटतं. खर्च झाला म्हणून मिळाला पाहिजे, हा हट्ट जुन्या गाडीच्या बाबतीत फार लोक धरतात आणि गाडी शेडमध्ये सडवतात. खर्च करताना आपल्याला त्याचा मोबदला मिळालेला असतो. घाटातल्या सकाळी, पन्हाळ्याच्या वळणावर काकूंनी पदर धरून बसणं, पोरांनी रस्त्यावर मागे धावणं. ते दुसऱ्याला कसं विकणार?

वहीतल्या चौदा साठमधून उरले पाच लाख दहा हजार. मग पायाचा आकडा. ज्याला मूळ रूपातली गाडी हवी, त्याच्या नजरेनं पाहायचं. तो पस्तीसवरून सुरू करेल. त्यातून एमजीएचा ब्लॉक शोधण्याचे, चासीचं काम पुन्हा करण्याचे, रंगाचे, आणि जी गोष्ट कधीच परत येणार नाही त्या वितळलेल्या ब्लॉकचे पैसे वजा करेल. उरतात बारा. चालवणारा माणूस त्या बारावर वहीतले पाच दहा देऊ शकेल, कारण ते काम त्याच्या कामाचं आहे. सतरा लाख दहा हजार. घासाघीस धरून अठरा सांगायचे, सोळाच्या खाली उतरायचं नाही.

आकडा ठरला आणि दुसऱ्याच दिवशी दलाल आला.

तो गाडीभोवती दोनदा फिरला, बॉनेट उघडलं, अँबॅसेडरचं इंजिन पाहिलं आणि बॉनेट मिटलं. "आहे तशी दहाला उचलतो. पण अण्णा, तुम्हाला खरं सांगू? तुमच्याकडं पस्तीसची गाडी आहे आणि तुम्ही दहाला देताय." मग आवाज खाली आणून त्यानं योजना सांगितली. एमजीएचा एक ब्लॉक त्याच्या पाहण्यात होता. या ब्लॉकवर नंबराची छोटी प्लेट रिव्हेटनं बसवलेली असते, '१५जीबी' अशी अक्षरं आणि पुढं आकडा. ती प्लेट हवी तशी मारून मिळते. अण्णांच्या आरसी बुकात पहिल्या पानावर १९५७चा मूळ नंबर होताच. तोच प्लेटीवर मारायचा. १९८०चा शेरा असलेलं बुक हरवलं म्हणून सांगायचं. चासीवर रंगाचा जाड हात. ब्लॉकला आणि कामाला चार, दलालाचे सात. अण्णांच्या हातात चोवीस.

चोवीस म्हणजे सांगायच्या आकड्यापेक्षा सहा लाख जास्त. दोन्ही गुडघे त्यात निघत होते. पुतण्या गप्प होता, पण त्याची नजर अण्णांवर होती. काकू दारात उभ्या होत्या.

अण्णांनी दलालाला विचारलं, "मग १९८०पासून मी कुठली गाडी चालवली?"

"म्हणजे?"

"आंबा घाटात जी फुटली ती एक गाडी. त्यानंतर ह्यानं हातानं जी उभी केली ती हीच. प्लेट मारली की ही गाडी कधी नव्हतीच असं होतंय. आणि घेणाऱ्यानं पहिल्यांदा बॉनेट उघडून मला इंजिनाबद्दल काही विचारलं तर त्याला काय सांगू? ह्याला समोर बसवून खोटं सांगू?" त्यांनी मिस्त्रीकडं बोट केलं.

"विचारणार नाही कुणी. प्लेट बघतात."

"जो प्लेट बघून पस्तीस देणार, त्याला मी प्लेट विकली असं होईल. मला गाडी विकायचीय."

दलाल चहा न घेता गेला. काकूंनी एकच विचारलं, अठराला जाईल का? मिस्त्री म्हणाला, "वेळ लागंल वहिनी."

वेळ लागला. अण्णांनी जाहिरात लिहिली, तीही वहीसारखीच. इंजिन अँबॅसेडरचं, १९८०पासून, आरसीवर नोंद. गिअरबॉक्स पाच गिअरचा. चासीचा एक मेंबर कापून वेल्ड केलेला, फोटो सोबत. जुने भाग गोणपाटात, ते गाडीबरोबर. अठरा लाख. पुतण्या म्हणाला, फोटो तरी नको. अण्णांनी फोटो ठेवला. पूर्वी रोज फोन यायचे, ते बंद झाले. दोन आठवड्यांनी पुण्याचे एक संग्राहक आले. पांढरी दाढी, स्वतःकडे चार जुन्या गाड्या. ते अंगावरचा चांगला शर्ट न बघता गाडीखाली गेले, टॉर्चनं वेल्डिंग पाहिलं, बाहेर येऊन हात पुसले. "काम चोख आहे. पण मला नको. मला मूळच पाहिजे." अण्णांनी मान डोलावली. जाता जाता ते म्हणाले की विकणाऱ्यानं स्वतःहून टॉर्च हातात दिल्याचं त्यांना आठवत नाही, आणि सावंतवाडीला त्यांच्या ओळखीची एक मुलगी आहे, तिला सांगून बघतो.

ती पुढच्या रविवारी एसटीनं आली. तिशीतली, गोव्यात बोटी बांधायच्या यार्डात इंजिनिअर. तिनं आधी वही मागितली. शेडच्या दारात उकिडवी बसून तिनं ती पहिल्या पानापासून वाचली, मधूनच उठून गाडीतली ती ती जागा बघायची आणि परत येऊन बसायची. मिस्त्री तिच्या मागं मागं.

"हे वेल्डिंग कुणी केलं?"

"म्या केलं, ताई."

"आतून पट्टी दिलीय?"

"दिलीया. तीन एमएमची."

तिनं मान हलवली, पण तेवढ्यावर भागलं नाही. यार्डात तिला रोज वेल्डिंग तपासावं लागायचं. तिनं पिशवीतून तपासणीचा लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर काढला, रंग जोडावर मारून वीस मिनिटं थांबली, मग तो पुसून डेव्हलपर मारला. एका टोकाला केसाएवढी लाल रेघ उमटली. अण्णांनी चष्मा लावून ती बघितली. मिस्त्रीचा चेहरा पडला.

"हे उकरून परत वेल्ड करावं लागेल," ती म्हणाली.

"लागंल," मिस्त्री म्हणाला. "करून देतो."

"किती दिवस?"

"बॉक्स उतरवावा लागंल. आठवडा धरा."

घासाघीस थोडीच झाली. ती पंधरावर होती. तिचं म्हणणं, लाल रंग तिला चालेल पण ब्रेकचे पाइप बदलावे लागतील आणि हूड फाटलेलं आहे. दोन्ही खरं होतं. अण्णांनी वहीत पाहिलं, हूडची ओळ २००३ची. त्यांनी पन्नास हजार सोडले, पाइपांचे तीस, चासीच्या रेघेचे चाळीस. ती सोळा ऐंशीवर आली. अण्णांनी सोळा ऐंशीला हात पुढं केला, मग मागं घेतला आणि म्हणाले, "सागाच्या फळ्या आहेत खाली. त्या हिशेबात धरलेल्या नाहीत. पाण्यात नको सोडू गाडी." ती हसली. बोटवालीला सागाबद्दल सांगत होते ते.

एक लाख इसार दिला. आठ दिवसांनी जोड पुन्हा तपासला, रेघ गेली होती. फॉर्म २९ आणि ३० भरले, आरसी बुक १९८०च्या शेऱ्यासकट तिच्या हातात दिलं. वही द्यायची का, यावर अण्णा अडखळले. काकू म्हणाल्या, तिच्याशिवाय गाडी काय कामाची? वही गेली. त्याच महिन्यात अण्णांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं पुढच्या वर्षी करायचं ठरलं.

पावसाळा सरल्यावर तिचा मिस्त्रीला फोन आला. तोच दलाल आता तिच्या मागं लागला होता. ब्लॉक अजून त्याच्याकडंच होता. नव्या प्लेटीसकट चार लाख, आणि गाडी एका दिवसात मूळची होईल असं त्यानं तिला सांगितलं होतं.

"ब्लॉक खरंच एमजीएचा असेल तर मला हवाय," ती म्हणाली. "हे इंजिन दमलंय आता. तुम्ही बघून याल का?"

"येतो की. क्रॅक बिक नसंल, त्याची स्वतःची जुनी प्लेट त्याच्यावर असंल, तर घेऊया. तोच नंबर आरटीओत चढवू, जुन्या शेऱ्याच्या खाली."

"किती द्यायचे?"

"लोखंडाचं आणि बोअरिंगचं. प्लेटीचं काय न्हाई."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर अँबॅसेडरचं उघडतो. ओव्हरसाइज पिस्टन मिळत्यात अजून. वहीत बघा, मागच्या खेपंला किती ओव्हरसाइज घातलं हुतं ते लिव्हलंय."

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. "वीस थाऊ," ती म्हणाली.

"मग अजून जागा हाय," मिस्त्री म्हणाला. "गाडी घेऊन या."